पंज्यातला पंधरवडा

हिराजी सारंगांनी जन्मात एकच सिनेमा मन लावून पाहिला, पण तो किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. सिनेमा इंग्रजी. सोळा वर्षांची एक मुलगी शिडाच्या छोट्या होडीत एकटीच बसते आणि सगळ्या पृथ्वीला वळसा घालून घरी येते, एवढीच त्याची गोष्ट. सारंगांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी त्या सिनेमात कोण काय म्हणालं आणि का म्हणालं, हे ते मला समजावून सांगत. मी पेणची, एम.ए. बी.एड. झालेली, पंधरा वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई. आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघे.

तो सिनेमा शाळेत मीच आणला होता. ही गोष्ट आधी सांगून टाकते, कारण पुढे ती माझ्या फार जिवाला लागली.

मी रामवाडीहून रोज खाडीकाठच्या एका हायस्कुलात जाते. मुलं आगऱ्यांची, कुणाचा बाप मिठागरात, कुणाचा धरमतरच्या धक्क्यावर, कुणाचा बार्जवर. पोरं हुशार, पण इंग्रजी म्हटलं की तोंडात मीठ धरल्यासारखी गप्प. कुणीतरी पेनड्राइव्हवर हा सिनेमा दिला. म्हटलं, पाण्याची गोष्ट आहे, निदान कान तरी देतील. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वर्गाच्या खिडक्यांना गोणपाटं लावली, भिंतीवर चादर टांगली आणि सिनेमा सुरू केला. दहा मिनिटांत मागच्या बाकांवर मारामारी लागली. आवाज घोगरा, उच्चार परके, आणि ती मुलगी तर अर्धा वेळ तोंडातल्या तोंडात बोलणारी.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "तिच्या तोंडाकडं काय बघता रे? हाताकडं बघा."

दारात अर्ध्या खाकी चड्डीतला, खांद्यावर पंचा टाकलेला, रुंद पायांचा एक माणूस उभा होता. नववीतल्या दर्शनाचे हे वडील. तिला घरी न्यायला आले होते. परवानगी वगैरे न विचारता ते सरळ चादरीजवळ गेले आणि बोट लावून म्हणाले, "दोर सैल सोडला. म्हंजे वारा पाठीमागनं आला. आता ही पोर झोपायला जाईल." आणि खरोखर ती मुलगी आत जाऊन झोपली. सगळा वर्ग चिडीचूप. पुढचा दीड तास सारंग उभे होते आणि मी बाकावर बसले होते.

तेव्हापासून दर वर्षी एका शनिवारी हा कार्यक्रम ठरून गेला. शाळेच्या कॅलेंडरात मी त्याला इंग्रजी श्रवण उपक्रम असं भारदस्त नाव दिलं होतं. मुलं म्हणत, सारंगांचा सिनेमा.

सारंग हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बार्ज चालवणाऱ्या मुख्य माणसाला सारंग म्हणतात. तीस वर्षं त्यांनी मालाने भरलेले बार्ज धरमतरच्या खाडीतून आत-बाहेर केले. मग परवान्याची परीक्षा कडक झाली, ती लेखी झाली, आणि सारंगांना जे येत होतं ते लिहिता येत नव्हतं. दोनदा बसले, दोनदा कोरा कागद देऊन आले. "पेपरात इचारलंय, खाडीत बार्ज वळवायचा कसा," ते मला म्हणाले. "मी म्हनलं, चला दाखवतो. तं बोलले, दाखवायचं नाय, लिवायचं." हे सांगताना ते हसत, पण ते हसू ओठांच्या वर जात नसे. मग घरची जुनी शिडाची होडी, थोडी मासेमारी, थोडी शेती, असं चाललं होतं.

त्यांना घड्याळाचा तिटकारा. हातात नाही, घरात होतं ते बंद. ते कधी "उद्या दुपारी या" म्हणत नसत. "उद्या सुकतीला या" म्हणत. सुकती म्हणजे ओहोटी. ती कधी लागणार हे मला कुठून ठाऊक असणार? पहिल्या वेळी मी त्यांच्या घरी जेवायला तीन तास उशिरा पोहोचले. त्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बसवून तिथी मोजायला शिकवली.

डावा पंजा उघडा धरायचा. अंगठ्यापासून सुरुवात. एकेका बोटाला तीन पेरं, पाच बोटांची पंधरा. उजव्या हाताच्या बोटाने एकेक पेर दाबत यायचं. करंगळीच्या शेवटच्या पेरावर पुनव नाहीतर अवस. "अख्खा पंधरवडा पंज्यात मावतो बगा बाई," ते म्हणाले. मग जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. चौथ असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. तेवढ्या वाजता मुंबईला भरती पुरी भरते. आपली खाडी आत, म्हणून त्यात अजून पाऊण तास मिळवायचा. झालं. हा हिशेब कोकणात अनेकांना येतो, पण सारंगांइतका पाच मिनिटांच्या आत बसवणारा मी दुसरा पाहिला नाही. गावात लग्न निघालं तर मुहूर्त भटजी काढत आणि पलीकडच्या काठाचं वऱ्हाड होडीत कधी बसवायचं ते सारंग सांगत. भटजींचा मुहूर्त टळलेला लोकांनी पाहिला होता.

एकदा मी उत्साहाने भरती-ओहोटीचा छापील तक्ता काढून त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला. "कागदाला खाडी म्हाईत हाय का?" मला राग आला. मी म्हटलं, "तुमच्या हाताला तरी आज कुठली तिथी ते कोण सांगतं? शेवटी कॅलेंडरच ना?" त्यावर ते स्वयंपाकघराकडे मान करून म्हणाले, "आमचं कॅलेंडर आत हाय."

आत गुलाबवहिनी होत्या, त्यांच्या पत्नी. संकष्टी, एकादशी, प्रदोष, वहिनींचा एकही उपास चुकत नसे. सकाळी घरात साबुदाण्याचा वास आला की सारंगांची एकादशी. तिथून पुढे-मागे पेरं मोजायची. माणूस हट्टी होता, पण हट्ट करायची त्याची ऐपत होती, म्हणून मी तक्ता पिशवीत टाकला. त्या पिशवीचा बंद तुटलेला त्यांना दिसला. बोलता बोलता त्यांनी त्याला गाठ मारून दिली. ती अजून सुटलेली नाही.

त्या सिनेमात एक जागा आहे. वादळ होऊन गेलंय. शीड फाटून लोंबतंय. मुलीच्या मनगटाला चिंधी बांधलेली. तेवढ्यात बापाचा फोन येतो आणि ती अगदी खेळकर आवाजात सांगते, सगळं ठीक आहे, जेवले, झोपले, हवा छान आहे. तो समाधानाने फोन ठेवतो. ही जागा आली की सारंग बोलायचे थांबत. मग दर वर्षी तेच एक वाक्य म्हणत, "पोर बापाला सांभालते. बापाला कललं नाय."

दर्शना तेव्हा पुढच्या बाकावर बसलेली असे. काळीसावळी, हडकुळी, वेणी पुढे घेऊन चावायची सवय. बापाचं बोलणं तिला पाठ होतं, पण ती कधी त्यांच्याकडे पाहत नसे. तिचे डोळे चादरीवरच्या दोरखंडावर. इंग्रजीत ती जेमतेम होती. माझ्याकडे मात्र येऊन विचारी, "बाई, ती सुरुवातीला निघाली तवा तिची आई कुठं उभी व्हती?" मला कधी ते पाहायला सुचलं नव्हतं.

बारावीची परीक्षा झाली आणि ती म्हणाली, मी सारंग होणार. बापाला जी परीक्षा देता आली नाही ती मी देणार. लिहिता मला येतं, बाकीचं नाना शिकवतील. गावात एकच गोंधळ. खाडीकाठच्या बायका चिखलात उतरतात, मासळी विकतात, मिठागरात उन्हात उभ्या राहतात, पण एकटी बाई होडी घेऊन जात नाही. देवळाच्या पायरीवर रोज विषय निघे. "उद्या काय हातपाय मोडला तं लगीन कोन करील?" गुलाबवहिनींचंही मत तेच. "पोरीची जात हाय. सिनेमातल्या पोरीला मागंपुढं कोन बघतंय? आपल्या पोरीला अख्खं गाव बघतंय," त्या मला ऐकवून म्हणाल्या. वहिनी मला वाईट बोलणाऱ्या नव्हत्या, पण सिनेमा कुणी आणला हे त्या विसरल्याही नव्हत्या.

सारंगांनी तोड काढली. देवळात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, पोरगी एकटी धरमतरपर्यंत जाईल आणि एकटी परत येईल. होडी माझी, भरती-सुकतीची वेळ माझी. ती सुखरूप परत आली तर कुणी तोंड उघडायचं नाही आणि मी तिला परीक्षेला बसवणार. नाही आली तर हा विषय माझ्या घरात पुन्हा निघणार नाही. लोक कबूल झाले. सारंगांची वेळ म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

मी त्यांना एकट्यात विचारलं, भीती नाही वाटत? ते म्हणाले, "बाई, त्या सिनेमातल्या पोरीला सोपं हाय. तिला भरती-सुकती नाय. भर दर्यात बुडायला पानी लागतं. खाडीत चिखल पुरतो." मग म्हणाले, "म्हनून तं वेल चुकवायची नाय."

चैत्रातला रविवार होता. मीही सकाळी गेले. सारंगांनी वहिनींचा उपास कधी ते विचारून हिशेब आदल्या आठवड्यापासून धरला होता: रविवारी एकादशी, तिची पाऊणपट सव्वाआठ, वर खाडीचा पाऊण तास. नऊला भरती पुरी भरणार. भरल्या पाण्यावर निघायचं, सुकतीबरोबर धरमतरला उतरायचं. सव्वातीनला सुकती संपणार. थोडं थांबून पावणेचारला धक्का सोडायचा आणि भरतीबरोबर वर यायचं. सकाळी घरात साबुदाणा परतत होता. गुलाबवहिनींनी पोरीच्या कपाळाला अंगारा लावला. त्यांच्या गळ्यात नवी तुळशीची माळ होती. कार्तिकात गावात कीर्तन झालं तेव्हा त्यांनी घातलेली.

नऊ वाजले. काठावर सगळं गाव. पाणी अजून चढत होतं. अगदी सावकाश, पण चढत होतं. धक्क्याच्या पायरीवरची एक ओली रेघ माझ्यादेखत बुडाली. दर्शनाने बापाकडे पाहिलं. सारंग पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "वारा आत ढकलतोय, म्हनून पानी थांबलंय. चल, सोड." मला काही वारा फारसा लागत नव्हता, पण त्या माणसापुढे मी वाऱ्याबद्दल काय बोलणार? तिने दोर सोडला. वळणाआड जाईपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी पाच वाजून गेले, साडेपाच झाले. साडेपाचनंतर सारंग शेजाऱ्याच्या इंजिनाच्या होडीत बसले. आम्ही काठावर थांबलो. लोक चांगले होते, कुणी काही बोललं नाही.

झालं होतं ते असं. पावणेचारला दर्शनाने सांगितल्याप्रमाणे धक्का सोडला, पण पाणी अजून उतरतच होतं. शिडाला वारा कमी, समोरून सुकतीची ओढ. जुन्या मोडक्या धक्क्याच्या खांबांपाशी होडीचा तळ चिखलाला लागला आणि होडी रुतली. ती न घाबरता बसून राहिली. पुढे भरती लागली, होडी हलली. त्याच भरतीबरोबर एक बार्ज आपल्या वाटेने आत आला, नेहमी येतात तसा. त्याच्या लाटेने होडी खांबाकडे फेकली गेली. खांबापासून होडी वाचवायला तिने डावा हात मधे घातला.

सारंग पोहोचले तेव्हा ती हाताला ओढणी गुंडाळून वल्हं धरून बसली होती. पहिलं वाक्य बोलली, "होडीला काय झालं नाय, नाना."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी घरून डबा घेऊन दवाखान्यात गेले. दर्शना औषधाने झोपली होती. सारंग भिंतीला टेकून उभे, वहिनी बाकावर. वहिनींनी आदल्या सकाळपासून अन्न घेतलं नव्हतं. मी पोळीभाजी पुढे करून म्हटलं, "वहिनी, खा थोडं. काल एकादशीचा उपास, आज तरी खा." आणि म्हणता म्हणता काही तरी आठवलं आणि नको ते माझ्या तोंडून गेलं. "पण आमच्याकडे खिचडी शनिवारी झाली होती. सासूबाईंची एकादशी शनिवारी होती."

वहिनी सहज म्हणाल्या, "ती स्मार्तांची. आमची मालकऱ्यांची दुसऱ्या दिशी असते, भागवत. दर म्हैन्याला नाय, पन कधी कधी अशी दोन येतात. आधी आमची पन पयलीच असायची." त्यांचा हात माळेवर गेला आणि तिथेच थांबला. वाक्य संपायच्या आत त्यांना कळलं होतं.

सारंगांनी डावा पंजा उघडला. पेरं दाबत गेले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. ज्या दिवशी त्यांनी एकादशी धरली त्या दिवशी द्वादशी होती. पाऊण तासाची चूक. तीस वर्षांत ज्या घराच्या साबुदाण्याने कधी धोका दिला नव्हता, त्या घरात कार्तिकात एक माळ आली होती, बाकी काही बदललं नव्हतं. एवढी साधी गोष्ट. मला आजही वाटतं की शनिवारी ताटलीत खिचडी घेऊन बसले होते तेव्हाच हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मला तिथी मोजायला त्यांनीच शिकवलं होतं ना?

बाहेरच्या पायरीवर ते मला म्हणाले, "पानी चढत व्हतं, बाई. मना दिसत व्हतं. डोल्यासमोर पायरी बुडाली." त्यांनी पंजा मिटला. "पन हातानं सांगितलेलं नऊ." मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

त्यानंतर सारंगांनी वेळ सांगणं सोडलं. कुणी विचारलंच तर म्हणत, "मोबाईलात बगा." घड्याळाला नाक मुरडणारा माणूस हे म्हणाला की विचारणाराच खाली बघे. त्यांनी होडी काठावर ओढून पालथी घातली. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की सुकून तडकते, हे त्यांना मी सांगायला नको होतं. गुलाबवहिनींनी माळ काढून तुळशीला घातली आणि एकादशी सोडून दिली. घरात साबुदाणा येईना, म्हणून सारंगांना तिथी कळेना, आणि कळून घ्यायची त्यांना इच्छाही नव्हती. त्या घरी गेलं की कुणी ओरडत नसे, कुणी रडत नसे. चहा मिळे. चहा पिऊन निघून यावंसं वाटे.

दर्शनाने परीक्षेचं नाव काढलं नाही. शब्द शब्द होता. गावाला दया आली, आणि दयेसारखं वाईट काही नाही. दोन वर्षांनी रोह्याचं स्थळ आलं. मुलगा धाटावला एका कंपनीत शिफ्टला जातो, स्वभावाने गरीब. त्याने हाताकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही, असं वहिनींनी मला सांगितलं. लग्नात मुलीचा हात देताना सारंगांनी तिचा डावा पंजा आपल्या हातात घेतला. मी जवळ उभी होते. त्यांचं बोट अंगठ्यापासून पेरांवरून नकळत सरकत गेलं, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. नवमी. पुढे जागा नव्हती. त्यांनी हात सोडला.

मी एक वर्ष सिनेमा लावला नाही. दुसऱ्या वर्षी ते स्वतः शाळेत आले. "बाई, सिनेमा लावा. पोरांनी काय केलंय?" मी लावला. ते चादरीशेजारी उभे राहिले, दोर, वारा, शीड, सगळं पूर्वीसारखं सांगितलं. फोनची जागा आली. ते थांबले. पोरं त्यांच्या वाक्याची वाट पाहत होती. वरच्या वर्गातल्यांनी ते खालच्यांना सांगून ठेवलं होतं. सारंगांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि ते बाहेर निघून गेले. शाळेत ते पुन्हा आले नाहीत.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोललेलं कळे. दर्शना दोघांना रोह्याला घेऊन गेली. मी जाते जाते म्हणत महिने घालवले. खरं सांगायचं तर मला जायचं धैर्य नव्हतं. शेवटी एका रविवारी गाडी धरली. त्यांना काय न्यावं सुचेना. बिस्किटांचा पुडा घेतला आणि तो पेनड्राइव्ह.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. नवरा शिफ्टला गेलेला. खिडकीतून कुंडलिका नदीचा एक तुकडा दिसत होता. सारंग खिडकीशी खुर्चीत बसले होते, निम्मे झालेले. मला ओळखून डावा हात उचलला. गुलाबवहिनी शेजारी लसूण सोलत होत्या. दर्शनाने चहा केला. कप ती दोन बोटं आणि अंगठ्यात इतक्या सफाईने धरत होती की पाहणाऱ्याला कळलंही नसतं.

"सिनेमा?" सारंगांनी विचारलं. ते हे विचारणार हे मला ठाऊक होतं.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. वहिनी उठून आत जातील असं वाटलं, पण त्या बसल्या. सारंग काही समजावून सांगत नव्हते. मधे एकदा फक्त म्हणाले, "गाठ चुकली तिची," आणि दर्शना म्हणाली, "दर वर्षी चुकते." मग वादळ झालं. शीड फाटलं. मनगटाला चिंधी. फोन वाजला.

मला वाटलं, मी हे कशाला आणलं?

सारंगांची जड जीभ हलली. "बापाला... कललं नाय."

दर्शना टीव्हीकडे बघत होती. तशीच बघत ती म्हणाली, "मना म्हाईत व्हतं, नाना."

तीच पुढे बोलली, आवाज न चढवता. "आदल्या दिशी कॅलेंडरात बघितलेलं. शनिवारी स्मार्त लिवलेली, रविवारी भागवत. द्वादशी व्हती. पाऊन तास चुकतोय ते मना सकालीच म्हाईत व्हतं. पायरीवर पानी चढताना पन मी बघितलं."

गुलाबवहिनींच्या हातातला लसूण तसाच राहिला. सारंगांची मान तिच्याकडे वळायला वेळ लागला. "मंग... बोल्लीस का नाय गो?"

"बोल्ले असते तं तुमी सोडलं नसतंत," ती म्हणाली. "अख्ख्या गावासमोर तुमची वेल चुकली असं झालं असतं. तुमी म्हनाला असतात, नको, पुढच्या पुनवेला बघू. आनि पुढची पुनव आली नसती. आई आडवी आली असती. मना जायचं व्हतं." मग म्हणाली, "पाऊन तासाचं काय, मी निस्तरीन, असं वाटलेलं."

आठ वर्षं. आठ वर्षं हा माणूस एका पायरीवर चढणाऱ्या पाण्याकडे बघत बसला होता, आणि हिने आठ वर्षं तोंड उघडलं नव्हतं. मला तिचा रागही आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. टीव्हीवर ती मुलगी बंदरात शिरत होती, लोक टाळ्या वाजवत होते. आवाज बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

सारंग रडत होते. झटक्यानंतर माणसं सहज रडतात, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण हे ते रडणं नव्हतं. सिनेमा संपून पडदा काळा झाला. मग त्यांनी डावा हात मांडीवरून उचलला, पंजा उघडला आणि तिच्यापुढे धरला. त्यांचा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. त्यांना मोजता येत नव्हतं.

"आज?" ते म्हणाले.

दर्शना खुर्चीपाशी खाली बसली. उजव्या हाताच्या बोटाने तिने बापाच्या अंगठ्यापासून पेरं दाबायला सुरुवात केली. नवमीपाशी ती थांबली नाही. करंगळीशेजारच्या बोटाच्या पहिल्या पेरावर बोट ठेवून म्हणाली, "दशमी. साडेसात. आपल्या खाडीला सव्वाआठ."

सारंगांनी मान हलवली. बरोबर होतं. "उद्या?"

"उद्या एकादशी. नऊ."

सारंगांच्या तोंडाची एक बाजू वर गेली. दुसरी जात नव्हती. "कोनाची?" त्यांनी विचारलं. "स्मार्तांची... का तुज्या आयशीची?"

वहिनींच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला ते मी सांगू शकत नाही. दर्शना डोळे पुसत उठली आणि कॅलेंडर बघायला आत गेली. माझी गाडीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली. दारातून वळून पाहिलं तेव्हा सारंग हात तसाच उघडा धरून आतल्या खोलीकडे बघत होते, ती बाहेर येऊन काय सांगते ते ऐकायला.

पुढची अवस त्यांनी पाहिली नाही.